ग्रे माल

आमच्या सोसायटीची लिफ्ट महिन्यातून दोनदा तरी बंद पडते. ती चालू होईपर्यंत चौथ्या मजल्यावरची माणसं घराबाहेर पडत नाहीत. दूध दोरी बांधलेल्या पिशवीतून वर जातं, वर्तमानपत्र वॉचमन गॅलरीत भिरकावतो आणि दुकानावर 'आज तब्येत जरा नरम आहे' असा फोन जातो. याच माणसांनी एका रविवारी, पाण्याच्या टाकीचा विषय आणि पार्किंगचं भांडण यांच्या मधल्या चहात, गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात जाऊन गोमुख बघून यायचं असा ठराव एकमताने मंजूर केला.

सुरतेच्या माणसाला चढ ठाऊक नसतो. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दहा-पंधरा मीटर वर. सुरतेला पुलांचं शहर म्हणतात, आणि उंचावर चढायची जी काही हौस असते ती आम्ही उधन्याच्या नाहीतर रिंग रोडच्या फ्लायओव्हरवर भागवून घेतो. त्याहून उंच म्हणजे सापुतारा. तिथेही टेबल पॉइंटपर्यंत गाडी जाते म्हणून.

शिवाय धर्माच्या बाजूनेही गंगेची काही तातडी नव्हती. आमच्या दाराशी आख्खी तापी आहे. गंगेत बुडी मारावी लागते, नर्मदेचं दर्शन घ्यावं लागतं, तापीचं मात्र नुसतं स्मरण केलं तरी पाप जातं, असं तापीकाठची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. म्हणजे सोफ्यावर पडल्यापडल्या काम होतं. हा मुद्दा मी मीटिंगमध्ये मांडला. आमचे सेक्रेटरी म्हणजे मोटाभाई. रिंग रोडच्या मार्केटात त्यांची पस्तीस वर्षं साड्यांत गेली. ते शांतपणे म्हणाले, "स्मरण थाय, पण एमां फोटो नथी आवतो."

ठराव पास झाला.

टूरचा लीडर म्हणून माझं नाव पुढे आलं, कारण मी मराठी. "तमे तो किल्लावाळा!" चौथ्या मजल्यावरच्या मासी म्हणाल्या. महाराज 1664 साली थेट सुरतेपर्यंत आले, 1670 साली परत आले, मग तुम्हाला अठरा किलोमीटर म्हणजे काय? सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला या दोन तारखा जन्मभर सुटत नाहीत. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, कुठेही कुणीतरी मिश्कीलपणे विचारतंच की ती लूट परत कधी करताय. मी सांगतो, हप्त्याने फेडतोय, घरपट्टीच्या पावत्या दाखवू?

खरी गोष्ट अशी की आमचं घराणं कुठल्याही गडावरून आलेलं नाही. वडील खानदेशातले. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने आले आणि पत्र्याची ट्रंक घेऊन उधन्याला उतरले ते लूमवर लागले. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत आमच्यासारखी हजारो घरं आहेत. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, मार्केटात गुजराती, आणि पुण्याला नातेवाइकांकडे गेलं की या तिन्हींची मिसळ, जिला आम्ही मराठी समजतो आणि पुणेकर समजत नाहीत. नदी जशी वरून खाली आली तसेच आम्ही खाली आलो. घराण्यात आजवर झालेली सगळी हालचाल उताराच्या दिशेनेच झालेली आहे. एकदाच, 1994 साली प्लेगची बातमी फुटली तेव्हा, आम्ही चढाच्या दिशेने पळालो होतो. तेही रेल्वेने.

पुण्याच्या मेव्हण्यांना फोन केला. ते दर शनिवारी कुठल्यातरी गडावर असतात. त्यांनी मला सात मिनिटं बुटांविषयी सांगितलं, पाच मिनिटं मोज्यांविषयी, आणि शेवटी म्हणाले, "बाकी हिमालयात काय, वाट असते. सह्याद्रीत ती शोधावी लागते."

लग्नसरा आटोपली, मार्केट थंडावलं आणि 2024 च्या जूनमध्ये आम्ही सत्तावीस माणसं निघालो. सत्तावीस माणसं आणि एक महाराज. (हे महाराज वेगळे. यांच्या हातात झारा असतो.) सुरतेहून निघणारी टूर कुठेही जावो, स्वयंपाकी बरोबर असतो, शेगडी असते, तेलाचा डबा असतो. 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही म्हण सुरतेत शेंबड्या पोरालाही येते : जेवावं सुरतेत, मरावं काशीत. ऋषिकेशहून चंब्यामार्गे बस उत्तरकाशीकडे निघाली, डाव्या चाकाखाली रस्ता आणि उजव्या चाकाखाली बहुधा काहीच नाही अशी अवस्था आली, तेव्हा मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, जेवण सुरतेचं आहे, समोर उत्तरकाशी आहे, दोन्ही सोयी एका तिकिटात झाल्या. कुणी हसलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या मासींनी हनुमान चालीसा सुरू केली आणि मोटाभाईंनी शिव्या. सुरती माणूस शिवी रागाने देत नाही, पूर्णविरामासारखी देतो. पण त्या रस्त्यावर त्यांच्या बोलण्यात नुसते पूर्णविरामच उरले होते.

हर्षिलच्या पुढे धरालीत चहाला थांबलो. टपरीवाल्याने हर्षिलचा राजमा विकत दिला, वर सफरचंदाच्या बागा दाखवल्या आणि सप्टेंबरात या म्हणाला. पुढच्या वर्षी, 5 ऑगस्ट 2025 ला, खीरगंगेतून आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्याने तो बाजार काही क्षणांत गाडला. राजमा तोवर आमच्या घरी शिजून संपलेला होता. 2006 च्या तापीच्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी होतं, पण ते चढायला वेळ लागला होता, गादी वर न्यायला सवड मिळाली होती. एवढंच लिहून पुढे जातो.

गंगोत्री तीन हजार मीटरच्या वर आहे. तिथे पहिला पराभव महाराजांचा झाला. डाळ शिजेना. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. दिसतं उकळलेलं, पण त्यात दम नसतो. महाराजांना हे कोण सांगणार? त्यांनी आधी डाळीला नावं ठेवली, मग डाळ देणाऱ्या किराणावाल्याला, मग पातेल्याला. दीड तासाने शेजारच्या धाब्यावरचा पहाडी पोरगा आला, त्याने न बोलता एक कुकर आणून ठेवला आणि निघून गेला. त्या रात्री महाराज जेवले नाहीत.

गोमुखाला मात्र सत्तावीस जणांना जाता येत नव्हतं. उद्यानात दिवसाला दीडशे माणसांनाच परवाना मिळतो. हा आकडा ऐकून आमच्या टूरमध्ये जी शांतता पसरली, ती रस्त्यावरच्या दरीनेही पसरली नव्हती. उद्यान 1989 साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 2390 चौरस किलोमीटर. म्हणजे सुरत महापालिकेच्या आजच्या हद्दीच्या पाचपट. त्यात दीडशे माणसं! दिवाळीच्या आधी चौटा बाजारात एका ओढणीवाल्याच्या गाडीभोवती दीडशे माणसं असतात, शिवाय त्यातली निम्मी घासाघीस करत असतात. "एटली जग्या नुं शुं करे छे?" मोटाभाईंचा जीव हळहळला. एवढ्या जागेत किती मार्केटं बसली असती याचा हिशेब ते मनात करत होते, हे त्यांच्या बोटांवरून कळत होतं.

गुडघे, बीपी, नातवंडं आणि भीती अशी कारणं वजा जाता अकरा माणसं उरली. त्यांची नावं परवान्यावर चढली. गंगोत्रीहून थोडं वर कनखूची चौकी आहे, तिथे सामान उघडायचं होतं. वनरक्षक कोवळा पोरगा होता, हातात वही. सोबत नेलेल्या प्लास्टिकची मोजदाद करायची आणि परतताना तेवढं सगळं परत आणून दाखवायचं, असा शिरस्ता. बाकीचे ट्रेकर येत होते, दोन पाण्याच्या बाटल्या, चार चॉकलेटं दाखवून सही करून पुढे जात होते. मग आमची पहिली सॅक उघडली.

खाखरा निघाला. साधा, मेथी, जिरा. मग थेपल्यांच्या पिशव्या, घारी, नानखटाई, सुखडी, शेव, गाठिया, भाकरवडी, लसणाची चटणी, छुंदा, मुखवास. मुखवासाचे तीन प्रकार. पोरगा आधी नावं लिहीत होता. गाठियाशी त्याने 'ये क्या है' विचारलं, तेव्हा मासींनी त्याला मूठभर खायला दिला. भाकरवडीपाशी त्याने नावं सोडली आणि नुसत्या रेघा ओढायला लागला, चार उभ्या आणि एक आडवी. आमच्या मागे रांग लागली. एक फ्रेंच जोडपं फोटो काढू लागलं. शेवटी त्याने मोजून आकडा लिहिला : एक्केचाळीस.

"एकतालीस ले जा रहे हैं, एकतालीस वापस आएँगे," तो म्हणाला.

मोटाभाई दुखावले. आम्ही सुरतेचे. प्लेगनंतर ज्या शहराने झाडू हातात घेतला तो खाली ठेवलाच नाही, ज्याने 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या मांडीला मांडी लावून पहिला नंबर पटकावला, त्या शहराला हा प्लास्टिक शिकवणार! त्यांनी पोराला ही सगळी माहिती हिंदीतून दिली. पोराने ऐकून घेतली. "फिर तो कोई दिक्कत नहीं," म्हणून सही घेतली.

चालायला लागलो. लीडर या नात्याने मी पहिली वीस मिनिटं पुढे होतो. त्यानंतर मला निसर्ग फार आवडू लागला. दर पन्नास पावलांवर थांबून मी तो बघत असे. खाली भागीरथी राखाडी पाण्याचा घोंगाट करत जाते, समोर उघडे दगडी कडे, वाट बरीचशी सोपी, पण हवा कशी, तर दुकानदाराने मापात मारल्यासारखी. भोजबासाच्या उंचीला सुरतेतल्या श्वासाच्या जेमतेम दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. दर श्वासाला तेहतीस टक्के डिस्काउंट, आणि तोही आपल्याला नको असताना. चौथ्या मजल्यावरच्या मासी, वय चौसष्ट, गुजराती पद्धतीची साडी, खाली नातवाचे स्पोर्ट शूज, मला मागे टाकून गेल्या. जाताना 'जय भवानी' म्हणाल्या. माझ्या तोंडून 'जय शिवाजी' निघालं नाही. तेवढी हवाच नव्हती.

चीडबासाला चिडाची झाडं संपत येतात आणि सुरतेची माणसं जेवायला बसतात. थेपल्याची पिशवी सुटली आणि समोरच्या उतारावर निळसर करड्या रंगाची पाच-सहा जनावरं येऊन उभी राहिली. गाइड कुजबुजला, भरल. याच जनावरांवर इथला हिमबिबट्या जगतो. आमच्यातल्या एकाने पहिल्या भागाकडे दुर्लक्ष केलं आणि दुसऱ्या भागाकडे एवढं लक्ष दिलं, की जेवण चार मिनिटांत आटोपलं. त्यापुढे एक पट्टा असा लागतो की वरून कधीही दगड सुटतात. तिथे गाइड म्हणतो, बोलू नका, थांबू नका, वर बघत चला. सुरती माणसाला चालायला सांगता येतं, वर बघायला सांगता येतं. न बोलता हे दोन्ही करायचं म्हणजे कठीण. तो अर्धा तास आमच्या टूरमधली सर्वांत मोठी तपश्चर्या.

भोजबासाचं नाव भूर्जाच्या झाडांवरून पडलं, पण भूर्जं आता हाताच्या बोटांवर मोजावीत अशी. सरपणासाठी तुटली. 1981 साली नंदादेवी चढलेल्या गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी पुढे इथे कुंपण घालून भूर्जाची रोपं लावली, ती जगवली. ज्या उंचीवर मला स्वतःला जगवणं जड जात होतं, तिथे कुणी रोपं जगवतं याचं मला मनापासून आश्चर्य वाटलं. रात्री तीन रजया अंगावर घेऊनही थंडी आत येत होती. बाहेर गेलो. चांदण्या एवढ्या आणि इतक्या जवळ की हिऱ्याच्या कारखान्यात काम करणारे आमचे तळमजल्यावरचे काका बराच वेळ मान वर करून उभे राहिले. ते आयुष्यभर भिंगातून बघत आले. "पॉलिश सारुं छे," एवढंच म्हणाले आणि झोपायला गेले.

सकाळी गोमुख.

इथे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. आम्ही सगळे पांढरं काहीतरी बघायला गेलो होतो. मनात जी हिमनदी होती ती बरीचशी आमच्या चौपाटीवरच्या आइस डिशसारखी होती : शुभ्र किसलेला बर्फ, वर हवा तर रंग. समोर जे होतं ते महापालिकेने खोदून ठेवलेल्या रस्त्यासारखं दिसत होतं. करडी भिंत, तिच्यावर दगड, धोंडे, वाळू, माती, आणि खालच्या एका काळ्या भगदाडातून दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं पाणी धबाबा बाहेर पडतंय. गाइडने बरंच अलीकडे थांबवलं होतं, कारण वरून बर्फाचे तुकडे सुटतात. गाईचं तोंड कुठे ते प्रत्येक जण शोधत होता. मासींना दिसलं. त्यांना दिसतंच.

मोटाभाई मात्र डोळे बारीक करून बघत होते. मग म्हणाले, "आ तो ग्रे छे."

सुरतेच्या कापडधंद्यात 'ग्रे' हा रंग नव्हे. लूमवरून उतरलेलं, अजून धुतलेलं नाही, रंगवलेलं नाही, छापलेलं नाही असं कोरं कापड म्हणजे ग्रे. मळकं, खरबरीत, तेलाचे डाग असलेलं. गिऱ्हाईक त्याला हात लावणार नाही. पण मार्केटातली सगळी चमक, सगळी जर, सगळी लग्नं त्या ग्रेमधून निघतात. हरिद्वारची आरती, काशीचे घाट, ताम्रपटातली, छायाचित्रांतली, तांब्याच्या गडूतली गंगा हा सगळा फिनिश माल. आणि हा त्याचा ग्रे, सुमारे तीस किलोमीटर लांबीचा एकच ताका, समोर शिवलिंग आणि भागीरथीच्या शिखरांमधून उलगडत आलेला. पस्तीस वर्षं कापड बघितलेल्या माणसाने तो एका नजरेत ओळखला. पुण्याचे मेव्हणे असते तर त्यांनी उंची सांगितली असती.

गाइडने मग आपली माहिती सांगायला सुरुवात केली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जॉन ऑडन यांनी 1935 साली या हिमनदीच्या तोंडाचा नकाशा काढला. (हे ऑडन म्हणजे इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे थोरले बंधू. एकाच घरात एक कविता करतो आणि दुसरा बर्फ मोजतो, हे मला फार आवडलं. आमच्या घरात सगळे बर्फ मोजणारेच निघाले असते.) त्या नकाशाशी पुढची मापं ताडून बघितली, तर 1996 पर्यंत हे तोंड किलोमीटरहून अधिक मागे गेलेलं. सरासरी वर्षाला एकोणीस मीटर.

"शॉर्टेज," मोटाभाई म्हणाले.

ग्रे कापड डाईंग मिलमध्ये शंभर मीटर गेलं आणि नव्वद मीटर परत आलं, तर मधल्या दहाला आमच्याकडे शॉर्टेज म्हणतात. या दहा मीटरवरून सुरतेत जितकी भांडणं झाली आहेत तितकी शेतीच्या बांधावरून खानदेशातही झाली नसतील. शॉर्टेज कुणाच्या नावावर टाकायचा हा प्रश्न असतो. व्यापारी मिलवर टाकतो, मिल लूमवर टाकते, लूमवाला सुतावर, सूतवाला हवेवर. मोटाभाईंनी सवयीने विचारलं, "किस के खाते में?"

गाइड काही बोलला नाही. त्याला प्रश्न कळला नसावा, किंवा कळला असावा. मोटाभाईंनी आपल्या जॅकेटकडे बघितलं, ते सुरतेतच शिवलेलं होतं, पॉलिएस्टरचं. मग मान दुसरीकडे वळवली. थोड्या वेळाने ते काठावर बसलेले दिसले, वाहून आलेला काचेसारखा बर्फाचा एक तुकडा हातात फिरवत होते.

परतीचे अठरा किलोमीटर मी कसे आलो ते मला आठवत नाही, त्यामुळे लिहिता येत नाही. संध्याकाळी कनखूच्या चौकीवर तोच पोरगा, तीच वही. रिकाम्या पाकिटांची गोणी उलटी केली. आम्ही अकरा जणांनी मिळून मोजली. चाळीस. पुन्हा मोजली. चाळीस. पोराने पेन खाली ठेवलं.

"भाईसाब, एक कम है."

आरोप सुरू झाले. मुखवास कुणाकडे होता? छुंद्याची पिशवी चीडबासाला कुणी घडी घातली? काकांनी बुटात घातलेली पिशवी काढली, ती मोजलेलीच निघाली. मासींनी माझ्याकडे बघितलं, कारण लीडर. पहिल्या नंबरच्या शहराची अब्रू एका खाखऱ्याच्या कागदावर टांगलेली. तेवढ्यात कुणाच्यातरी लक्षात आलं की मोटाभाईंचं जॅकेट डाव्या बाजूने खालपर्यंत ओलं आहे.

त्यांनी आतल्या खिशात हात घातला आणि मेथी थेपल्याची एक पिशवी बाहेर काढली. तोंडाला गाठ मारलेली. आत दोन-तीन घोट पाणी आणि तळाला मेथीची चार पानं.

"इसमें क्या है?" पोराने विचारलं.

मोटाभाईंनी पिशवी उजेडाकडे धरली. मार्केटात पार्टीकडे माल बघायला गेलेला माणूस खिशात टाकून आणतो तसंच त्यांनी ते आणलं होतं.

"सॅम्पल था," ते म्हणाले.

पोराने पिशवी बघितली, पाणी बघितलं, मग वहीत शेवटची आडवी रेघ ओढली. "पन्नी पूरी हो गई. जाइए."

ते पाणी सुरतेपर्यंत आलं. मोटाभाईंनी सोसायटीच्या प्रत्येक घरी चमचा चमचा वाटलं, लिफ्ट बंद होती म्हणून चौथ्या मजल्यापर्यंत पायऱ्या चढून. सगळ्यांनी डोळे मिटून घेतलं. मेथीची चव सगळ्यांना लागली असणार, पण अजूनपर्यंत कुणी त्याविषयी बोललेलं नाही.